शर्यतीचे पैसे भरले, पोहायला जागा कुठाय?

दमलेला_बाबा | रविवार, रात्री १०:४०

गेल्या महिन्यात हाफ आयर्नमॅन अंतराची पाचवी शर्यत केली. १.९ किमी पोहणं, ९० किमी सायकल, २१.१ किमी धावणं. परदेशात होती. नाव लिहीत नाही, कारण लिहिलं की धागा "तिथे कशाला गेलात" याच दिशेला जाणार, आणि मला एकट्या त्या शर्यतीबद्दल बोलायचं नाहीये.

पहाटे सव्वासहाला काठावर उभा होतो. मी नाशिकचा. लहानपणी आजोबांबरोबर पर्वणीला रामकुंडावर गेलो होतो, तेव्हा पाण्यापर्यंत पोचायला जसं ढकलत नेलं होतं, तसंच इथे झालं. फरक एवढाच की इथे ढकलणाऱ्यांच्या अंगावर हजारो रुपयांचे सूट होते. पहिल्या तीनेकशे मीटरमध्ये एकदाही हात पूर्ण लांब करता आला नाही. पुढच्याची टाच डाव्या गॉगलवर बसली, गॉगल खाऱ्या पाण्यानं भरला. बोया धरून साफ करावा म्हटलं तर बोयाला आधीच पाच जण लटकलेले. त्यातला एक मला म्हणतो, सॉरी, फुल आहे.

सायकलवरही तेच. फेऱ्यांचा मार्ग. माझ्या पुढे वीस-बावीस जणांची माळ, चाकाला चाक लावून. ड्राफ्टिंगला, म्हणजे पुढच्याच्या मागे चिकटून वाऱ्याच्या आडोशानं जायला, बंदी. मार्शलची मोटरसायकल शेजारून गेली, त्यानं माळेकडे बघितलं आणि पुढे निघून गेला. करणार काय, दंडाचं कार्ड दाखवायचं तर बावीस जणांना दाखवावं लागलं असतं. धावताना तिसऱ्या फेरीत पाण्याच्या टेबलावर बर्फ संपला होता आणि कागदी पेलेही संपले होते. एक शाळकरी मुलगी मोठ्या बाटलीनं एकेकाच्या तोंडात पाणी ओतत होती, वासराला पाजावं तसं. तिच्यासमोर मात्र मी मनापासून थांबलो.

आता हिशेब. नोंदणी डॉलरमध्ये, वर कर, वर "प्रोसेसिंग". सायकलच्या खोक्याचं विमानभाडं जाता-येता. सायकल आदल्या दिवशी जमा करायची, म्हणून हॉटेलच्या किमान तीन रात्री. व्हिसा. दोन लाखांत बसवायचं ठरवलं होतं, दोन लाख एकतीस हजारांवर गेलं. यात सायकल धरलेली नाही. बायको म्हणाली, एवढ्यात दिंडोरीच्या आत्याचं अख्खं बिऱ्हाड तिरुपतीला जाऊन आलं असतं, आणि दर्शनाला धक्काबुक्कीही कमी झाली असती.

पैसे वाढले याचं मला फार वाटत नाही. वाढीव पैसे भरून पाण्यात हात टाकण्याएवढी जागा मिळू नये, याचं वाटतं. इतरांचा काय अनुभव?

मीठभाकर | रविवार, रात्री ११:०५

स्वतः पैसे भरून, स्वतः विमानात बसून, स्वतः जाऊन लाथ खाल्लीत. मेडल मिळालं ना? मग तक्रार कसली? हौसेला मोल नसतं म्हणतात. तुमच्या हौसेला आहे, ते सव्वादोन लाख आहे, एवढंच.

नवशिक्या_४१ | रविवार, रात्री ११:२०

वाचतोय. मी जानेवारीपासून पोहायला शिकतोय. सायकल हप्त्यावर घेतली आहे. पुढच्या वर्षी गोव्याची शर्यत करायचा विचार आहे. हे वाचून पोटात गोळा आला.

गणित_मास्तर | सोमवार, सकाळी ६:५०

बाबा, तुमच्या त्या माळेतले सगळेच काही लबाड नसतील. आकडे मांडतो.

हौशी स्पर्धकांना नियम असा आहे की पुढच्या सायकलच्या पुढच्या चाकापासून तुमच्या पुढच्या चाकापर्यंत १२ मीटर अंतर हवं. त्या पट्ट्यात शिरलात तर २५ सेकंदांत ओलांडून पुढे जायचं. नाही जमलं तर निळं कार्ड, पाच मिनिटं तंबूत उभं राहायचं.

आता समजा २,००० स्पर्धक आहेत. रोलिंग स्टार्टमध्ये दर पाच सेकंदांना चार जण पाण्यात सोडले, म्हणजे मिनिटाला ४८. हे सगळे सारख्याच वेगानं पोहून बाहेर आले आणि ताशी ३० किमीनं सायकल हाणू लागले असं धरू. ताशी ३० म्हणजे मिनिटाला ५०० मीटर. पाचशे मीटरमध्ये ४८ सायकली. प्रत्येकाच्या वाट्याला साडेदहा मीटर. नियम १२ मीटरचा! म्हणजे सगळे हरिश्चंद्राचे अवतार असले तरी नियम पाळणं शक्यच नाही.

प्रत्यक्षात पोहताना लोक पांगतात, त्यामुळे पहिल्या आणि शेवटच्या टप्प्यात जागा मोकळी असते. पण मधल्या वेगाच्या लोकांची झुंबड तिथेच राहते. त्यात ३० किमीच्या तीन फेऱ्या असल्या, तर पहिले लोक दुसऱ्या फेरीवर येतात तेव्हा मागचे पहिल्या फेरीवर निघत असतात. २,००० गुणिले १२ म्हणजे २४ किमी. तीस किमीच्या रस्त्यावर चोवीस किमी आधीच "भरलेलं". उरलेल्या सहा किमीत ओव्हरटेक कुणी कुणाला करायचं? एकाला ओलांडलं की तुम्ही पुढच्याच्या बारा मीटरमध्ये.

म्हणून नोंदणीच्या आधी मी फी बघत नाही. आधी दोन गोष्टी बघतो: सायकलच्या फेऱ्या किती, आणि स्पर्धक किती. एकाच लांबलचक फेरीचा मार्ग असेल तर थोडे जास्त पैसे देतो.

दमलेला_बाबा | सोमवार, सकाळी ८:१५

मास्तर, साष्टांग. हे मला आधी सांगणारं कुणी हवं होतं.

मीठभाकर | सोमवार, सकाळी ८:३०

मास्तरांचं गणित पटलं. माणसांचं नाही पटलं. माळेत शिरल्यावर पाय हलके पडतात हे प्रत्येकाला कळतं, आणि "जागाच नव्हती हो" हे नंतर सुचतं.

माइनकाठ | सोमवार, दुपारी २:१०

फ्रँकफुर्टहून लिहितोय. इकडे अठरा वर्षं झाली, मूळचा सांगलीचा. गर्दीबद्दल बोलायचं तर दोन गोष्टी सांगतो.

पहिली हॅम्बुर्गची. जून २०२३, आयर्नमॅनची युरोपियन चॅम्पियनशिप. सायकलचा मार्ग बंधाऱ्याच्या कडेच्या अरुंद रस्त्यानं जाऊन-येऊन. एकाच रस्त्यावर दोन्ही दिशांचे स्पर्धक, वर मार्शल आणि कॅमेऱ्यांच्या मोटरसायकली. एका कॅमेऱ्याच्या मोटरसायकलची समोरून येणाऱ्या स्पर्धकाशी टक्कर झाली. मोटरसायकल चालवणारा सत्तर वर्षांचा माणूस जागीच गेला, स्पर्धक गंभीर जखमी. शर्यत थांबवली नाही. मी घरी प्रक्षेपण बघत होतो. समालोचक गप्प झाले आणि चित्र तेवढं चालू राहिलं. तो आवाज नसलेला पडदा मला अजून आठवतो. पुढे आठवडाभर इकडे एकच चर्चा: त्या रस्त्यावर एवढी वाहनं आणि एवढी माणसं सोडलीच का?

दुसरी हवाईतल्या कोनाची. तिथे वर्ल्ड चॅम्पियनशिपला साधारण अडीच हजार लोक घेत. कोविडमुळे साचलेले पात्र स्पर्धक २०२२ मध्ये एकदम घेतले, शर्यत गुरुवार आणि शनिवार अशी दोन दिवस केली, एकूण सुमारे पाच हजार. गाव लहान, मुख्य रस्ता एक. दोन दिवस रस्ते बंद म्हटल्यावर गावकरी वैतागले. दोन दिवसांची शर्यत पुन्हा नको, असं गावानं सांगितल्यावर २०२३ पासून पुरुष आणि स्त्रियांची शर्यत वेगळी केली. एकांनी फ्रान्समधल्या नीसला जायचं, दुसऱ्यांनी कोनाला, पुढच्या वर्षी उलट. लोकांना ते आवडलं नाही. नवरा-बायको दोघं पात्र झाले तरी दोन खंडांत दोन सहली. शेवटी २०२६ पासून पुन्हा सगळे कोनाला, एकाच दिवशी, असं जाहीर झालं.

म्हणजे बघा, गावाला माणसं किती पेलतात हे शेवटी गावकऱ्यांनी ठरवलं. संयोजकांनी नाही, स्पर्धकांनीही नाही.

सागरगोटी | सोमवार, दुपारी ४:००

माइनकाठ, रोथबद्दल पण लिहा ना. तिथेही गर्दी असतेच की.

माइनकाठ | सोमवार, रात्री १२:२०

असते, आणि तरीही लोक तिकडे धाव घेतात. रोथ हे न्यूरेंबर्गजवळचं लहान गाव. १९८४ पासून ट्रायथलॉन. आधी आयर्नमॅनच्या नावाखाली व्हायची. २००२ पासून चॅलेंज या नावानं स्वतंत्र झाली, एक कुटुंब चालवतं. वैयक्तिक स्पर्धक साडेतीन हजारांच्या आसपास, शिवाय रिले संघ. ऑनलाइन नोंदणी मिनिटाभरात संपते. बोटं तयार ठेवून बसावं लागतं, तत्काळ तिकिटासारखं.

पोहणं कालव्यात, गटागटानं सोडतात. पण रोथला जाणारे ज्या गर्दीचं नाव काढतात ती प्रेक्षकांची. सोलारर बेर्ग म्हणून एक चढ आहे. तिथे लोक रस्ता इतका भरून टाकतात की सायकलला जेमतेम एक हात वाट उरते, आणि ती तुमच्या पुढे उघडत जाते. दिवे घाटात पालखीला वाट कशी होते, तशी. मी दोनदा तिथे स्वयंसेवक होतो, एकदा स्पर्धक. स्वयंसेवकच सात हजारांवर असतात. साडेतीन हजारांना सात हजार! बाबांच्या त्या पाणी पाजणाऱ्या मुलीला तिथे आणखी चार मैत्रिणी मिळाल्या असत्या.

रोथ स्वस्त मुळीच नाही. फक्त पैसे कुठे गेले ते दिसतं.

पांढरा_कोट | मंगळवार, सकाळी ७:०५

मी डॉक्टर आहे, शर्यतींच्या वैद्यकीय तंबूत बऱ्याचदा बसते. बाबांनी गॉगलचा किस्सा गमतीनं लिहिला आहे, मला तो तसा वाचता आला नाही.

अमेरिकेतल्या ट्रायथलॉनमधल्या मृत्यू आणि हृदय बंद पडण्याच्या घटनांचा एक मोठा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. १९८५ ते २०१६ मधल्या १३५ घटना. त्यातल्या ९० पोहताना घडलेल्या. सायकलवर नाही, उन्हात धावताना नाही, पाण्यात. अंतर सगळ्यात कमी तिथेच. नेमकं कारण प्रत्येक वेळी सांगता येत नाही, पण गार पाणी, भीती, धक्काबुक्की, श्वास चुकणं हे सगळं एकाच वेळी होतं आणि मदत पोचायला उशीर होतो. रस्त्यावर माणूस पडला की दिसतो. सारख्या टोप्यांच्या गर्दीत एक टोपी हलायची थांबली तर कयाकवाल्याला किती वेळात दिसेल?

ऑगस्ट २०२३ मध्ये आयर्लंडमधल्या यॉल गावी हाफ अंतराच्या शर्यतीत दोघे जण पोहताना गेले. वादळ नुकतंच होऊन गेलेलं, त्यामुळे शर्यत एक दिवस पुढे ढकललेली, समुद्र खवळलेला. तिथली राष्ट्रीय संघटना आणि आयोजक यांच्यात मान्यतेवरून नंतर जाहीर वाद झाला.

एकदम सगळ्यांना सोडायची पद्धत मोडून रोलिंग स्टार्ट आणली ती यासाठीच. आता त्याच रोलिंग स्टार्टमुळे आणखी माणसं बसवता येतात, असा उपयोग होत असेल तर अवघड आहे.

नवशिक्या_४१ | मंगळवार, सकाळी ७:३०

डॉक्टर, मी आता झोपणार नाही.

पांढरा_कोट | मंगळवार, सकाळी ७:४१

झोपा. ईसीजी आणि स्ट्रेस टेस्ट करून घ्या, समुद्रात किमान दहा वेळा पोहून या, आणि सुरुवातीला कडेला उभे राहा. दोन मिनिटं जातील, काही बिघडत नाही.

रंकाळावेस | मंगळवार, सकाळी ११:३०

आता दुसरी बाजू. मी एका लहान शर्यतीच्या संयोजनात पाच वर्षं आहे, अर्थात बिनपगारी. आमच्या बाजूला राजाराम तलावात पोहण्याच्या आणि हायवेला सायकलच्या शर्यती बरीच वर्षं होतात, त्या वातावरणातच वाढलो.

खर्च कसा असतो ते ऐका. पोलीस परवानगी, वाहतूक वळवणं, बॅरिकेड, अँब्युलन्स, डॉक्टर, होड्या, जीवरक्षक, बोये, मंडप, रॅक, जनरेटर, विमा, टायमिंगवाल्यांची टीम, आदल्या रात्री सायकलींवर पहारा. हे सगळं दोनशे स्पर्धकांना जेवढं लागतं, त्याहून बाराशेंना थोडंसंच जास्त लागतं. रस्ता दोनशेंसाठी बंद करा नाहीतर बाराशेंसाठी, तो तेवढाच बंद करावा लागतो. माणशी वाढतं ते काय? टी-शर्ट, मेडल, चिपचं भाडं, केळी, पाणी, नाश्ता.

म्हणजे एका आकड्यापर्यंत शर्यत तोट्यात असते. तो आकडा ओलांडला की पुढच्या प्रत्येक नोंदणीतले बहुतेक पैसे हातात उरतात. मोह तिथे होतो. "अजून शंभर घेऊ, काय फरक पडतो?" हे वाक्य मी बैठकीत स्वतःच्या कानांनी ऐकलंय, एकदा स्वतःच्या तोंडूनही. म्हणून महागाई आणि गर्दी एकाच वेळी येते. लोकांना वाटतं माणसं वाढली तर फी उतरायला हवी. फी ठरते लोक किती द्यायला तयार आहेत त्यावर, आणि माणसं ठरतात परवानगीच्या कागदावर किती बसतात त्यावर.

आमच्यात भांडून आम्ही आकडा बांधून घेतला. तोटा आला तर तालमीतल्या जुन्या मंडळींकडे झोळी फिरवतो. दरवर्षी जमेल असं नाही.

पंक्चर_काका | मंगळवार, दुपारी १:००

रंकाळावेस, मनापासून लिहिलंत. झोळीत माझेही पाचशे धरा.

मीठभाकर | मंगळवार, दुपारी १:१५

आणि मोठ्या ब्रँडला झोळी फिरवावी लागत नाही. २०१५ मध्ये चीनच्या वांडा कंपनीनं आयर्नमॅन ६५ कोटी डॉलरना विकत घेतली. २०२० मध्ये अमेरिकेतल्या ॲडव्हान्सनं तीच ७३ कोटी डॉलरना घेतली. एवढे पैसे घालणारा माणूस हौस म्हणून घालत नाही. ते कुठून वसूल होणार? बाबांच्या प्रोसेसिंग फीमधून.

दमलेला_बाबा | मंगळवार, दुपारी १:४०

तुम्ही तर म्हणत होतात स्वतःच लाथ खाल्लीत!

मीठभाकर | मंगळवार, दुपारी १:४४

दोन्ही खरं आहे.

सागरगोटी | मंगळवार, सायंकाळी ५:२०

पुरुषमंडळींनी हिशेबात एक रकाना सोडलाय. बाबा, तुम्ही तीन रात्री बाहेर होतात तेव्हा घरी मुलांचं कोण बघत होतं? माझ्या शर्यतीच्या खर्चात स्वयंपाकाच्या मावशींचे जादा दिवस असतात, सासूबाईंचं डहाणूहून येणं-जाणं असतं, आणि पहाटे साडेचारला एकटीनं सायकल चालवायची नाही म्हणून सोबतच्या गटाची फी असते. नोंदणीचे पैसे त्यात तिसऱ्या नंबरवर येतात.

पोहण्यातली गर्दी बायकांना जास्त भोवते. मी मालवणची, लहानपणापासून समुद्रात. दर डिसेंबरला चिवला बीचवर राज्यस्तरीय सागरी जलतरण स्पर्धा होते, मी शाळेपासून पोहलेय तिथे. तिथेही गर्दी असते, पण वयोगटानं सोडतात. दहा वर्षांच्या पोरीवर पंचेचाळीस वर्षांचा गडी चढत नाही. ट्रायथलॉनच्या रोलिंग स्टार्टमध्ये आपापला वेग सांगून उभं राहायचं असतं, आणि आमचे बंधू तीस मिनिटांच्या पाटीखाली उभे राहून पन्नास मिनिटांनी बाहेर येतात. मी खऱ्या वेळेच्या पाटीखाली उभी राहते, आणि पुढचा अर्धा तास त्यांना ओलांडण्यात जातो. एकानं माझा पाय धरून मागे ओढला होता. चुकून असेल. दोनदा चुकून.

मीठभाकर जे माणसांबद्दल म्हणाले ते इथे लागू आहे. पाटी खोटी सांगायला कुठल्या कंपनीनं सांगितलेलं नाही.

गणित_मास्तर | मंगळवार, सायंकाळी ६:००

हा मुद्दा माझ्या गणितात नव्हता. मी सगळे सारख्या वेगाचे धरले होते. खोट्या पाट्या धरल्या तर आकडा आणखी बिघडतो.

माइनकाठ | मंगळवार, रात्री १०:३०

अवांतर, पण राहवत नाही. पहिली आयर्नमॅन १९७८ मध्ये हवाईतल्या ओआहू बेटावर झाली. १५ जण सुटले, १२ जण पोचले. गॉर्डन हॅलर पहिला, ११ तास ४६ मिनिटं ५८ सेकंद. प्रत्येकानं आपापली मदतीची माणसं आणायची. दुसऱ्या आलेल्या जॉन डनबारच्या माणसांकडचं पाणी संपलं तेव्हा त्यांनी त्याला बिअर पाजली. चषक संयोजक जॉन कॉलिन्स यानं स्वतःच्या हातानं बनवले होते. त्यानं स्पर्धकांना दिलेल्या कागदावर लिहिलं होतं की एवढं पोहा, एवढी सायकल चालवा, एवढं धावा, आणि उरलेलं आयुष्यभर बढाया मारा.

बढाया मारायची सोय अजून आहे. बाकी सगळ्याचे वेगळे पैसे.

नवशिक्या_४१ | बुधवार, सकाळी ६:२०

मग गोवा करू की नको? सरळ सांगा. सगळे म्हणतात सोयीचं पडतं.

सागरगोटी | बुधवार, सकाळी ९:१०

सोयीचं आहे हे खरंच. २०१९ मध्ये तिथे आयर्नमॅन ब्रँडची भारतातली पहिली शर्यत झाली, मिरामारला. त्याआधी आपल्याकडचे लोक कोलंबोला वगैरे जायचे, सायकल खोक्यात घालून. आता गाडीच्या टपावर सायकल टाकली की झालं, व्हिसा नाही, विमान नाही, जेवण आपलं. वेटसूट घ्यायचाही प्रश्न नाही, पाणी कोमट असतं. ऊन मात्र मोजून घ्या. धावायला लागाल तेव्हा सूर्य डोक्यावर असेल.

तुमचा प्रश्न गोव्याचा नाहीये पण. तुम्ही आतापर्यंत एकदा तरी तिन्ही गोष्टी एकाच दिवशी केल्यात का?

नवशिक्या_४१ | बुधवार, सकाळी ९:१५

नाही.

पंक्चर_काका | बुधवार, सकाळी १०:००

मग आधी ते करा. वय वर्षं ६३, बीआरएमवाला (ठरावीक वेळेत लांब पल्ल्याची सायकल चालवणारा) बोलतोय. आमच्याकडे २०० किमी साडेतेरा तासांत करायचे, नोंदणी काही शे रुपयांत, रस्त्यावर ना बॅरिकेड ना ढोल. ब्रेव्हे कार्डावर, म्हणजे हजेरीच्या कार्डावर, शिक्के मारून घ्यायचे आणि टपरीवर चहा प्यायचा. पंक्चर स्वतः काढायचं. कोणी बघायला नसतं. नाशिकच्याच महाजन बंधूंनी २०१५ मध्ये रेस ॲक्रॉस अमेरिका दोघांच्या संघात पुरी केली. त्यांना बघून कितीतरी लोक सायकलवर बसले, त्यातला मी एक. सराव याच कसारा-त्र्यंबकच्या रस्त्यांवर. त्या रस्त्यांची फी कोणी मागत नाही.

माझा प्रस्ताव आहे. आपणच एक दिवस ठरवू. ११३ किमी. मेडल नाही, फी नाही. पोहणं नाशिकला तलावावर, सायकल मुंबई-आग्रा हायवेनं इगतपुरीपर्यंत जाऊन परत, ते बरोबर नव्वदच्या आसपास भरतं. धावणं गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर.

दमलेला_बाबा | बुधवार, सकाळी १०:२०

मी तयार. गंगापूर धरणात पोहू या का? मोकळं पाणी.

पांढरा_कोट | बुधवार, सकाळी १०:२२

मुळीच नाही. जीवरक्षक नाही, होडी नाही, परवानगी नाही. गर्दी नको म्हणून एकट्यानं बुडायचं का? तलावातच.

रंकाळावेस | बुधवार, सकाळी ११:००

डॉक्टर बरोबर आहेत. आणि मला काय दिसतंय सांगू? फुकटातली शर्यत करायला निघालात आणि पहिल्याच मिनिटाला सुरक्षेचा खर्च आला. आता हायवेला मागे एक गाडी ठेवणार ना? तिचं पेट्रोल? प्रथमोपचाराची पेटी? सायकलला मागे लाल दिवा? बसा हिशेबाला!

दमलेला_बाबा | बुधवार, दुपारी १२:३०

बसलो. सहा जण धरले. गाडी भावाची, पेट्रोल वाटून. तलावाचं दिवसाचं तिकीट. केळी दोन डझन, इलेक्ट्रॉल, शेंगदाण्याची चिक्की. माणशी तीनशे चाळीस रुपये. २५ मीटरचा तलाव, म्हणजे ७६ लांब्या. मोजायला मुलीला बसवतो, ती दर लांबीला पाटीवर खडूनं रेघ ओढेल. दोन लेन मिळाल्या तर एका लेनमध्ये तिघं.

अडचण एकच. तलावाची बॅच पाऊण तासाची आहे. पाऊण तास झाला की शिट्टी वाजते आणि सगळ्यांना बाहेर काढतात, मग ७६ होवोत की ६०.

गणित_मास्तर | बुधवार, दुपारी १२:४५

म्हणजे शंभर मीटरला दोन मिनिटं बावीस सेकंद. बहुतेकांना जमेल.

नवशिक्या_४१ | बुधवार, दुपारी १२:५०

मला नाही जमणार. मला तीन मिनिटं लागतात.

पंक्चर_काका | बुधवार, दुपारी १:०५

मग शिट्टी वाजली की बाहेर ये आणि सायकलवर बस. राहिलेल्या लांब्या संध्याकाळच्या बॅचला येऊन पोहायच्या. मी थांबतो तुझ्यासोबत.

मीठभाकर | बुधवार, दुपारी १:३०

मी मालेगावचा. पोहता येत नाही, सायकल विकून सहा वर्षं झाली. पण घोटीच्या पुढे हायवेला माझ्या साडूचं हॉटेल आहे. तिथे भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन उभा राहतो. जाताना द्यायची की येताना?

दमलेला_बाबा | बुधवार, दुपारी १:३४

येताना. जाताना कुणाला गिळवणार नाही. पाणी मात्र दोन्ही वेळा लागेल, आणि पेले जरा जास्त आणा.